मारिसोलनं न घेतलेली लस

फोन आला तेव्हा मी मुलाच्या डब्यासाठी पोळीला तूप लावत होते. शाळेच्या बसची वेळ होत आली होती. पलीकडे ऑस्कर, मारिसोलचा नवरा. त्याला इंग्रजी बेताचंच येतं आणि समोर माणूस नसला की माझं स्पॅनिशही अडखळतं, त्यामुळे आम्ही दोघं फोनवर कधी बोलत नसू. जे काय बोलायचं ते मारिसोलमार्फत. त्या सकाळी मध्ये मारिसोल नव्हती. तो म्हणाला, "वासो... शी फिनिश." एवढंच. मी पोळीची गुंडाळी केली, डब्यात ठेवली, झाकण लावलं, तन्मयला बसमध्ये बसवून आले आणि मग आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात बसकण मारली. माझ्या अंगावरून दोन-तीन बायका कपड्यांच्या टोपल्या घेऊन उतरल्या. त्यांना आधीच कळलं होतं. जाताना प्रत्येकीनं माझ्या डोक्याला हात लावला.

मारिसोल एकतीस वर्षांची होती, तिला आठवा महिना लागला होता, आणि ती फ्लूनं गेली. आपण ज्याला 'जरा कणकण आहे' म्हणून क्रोसिनची गोळी घेतो, त्या फ्लूनं. या गोष्टीला आता दोन-अडीच महिने होतील. राग शांत झाला की लिही, असं मला घरच्यांनी सांगितलं होतं. तो काही शांत होत नाही, म्हणून तसाच घेऊन लिहायला बसले आहे.

आम्ही हर्नडनला आलो २००३ साली. व्हर्जिनियातलं हे गाव विमानतळाला इतकं लागून आहे की बाल्कनीत उभं राहिलं तर विमानाच्या पोटाखालची चाकं दिसतात. नवऱ्याची नोकरी सॉफ्टवेअरची, आणि मी त्याच्या व्हिसाला लटकून आलेली. नागपूरला मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवत होते. इथे मला काम करायची परवानगीच नव्हती. दिवसभर तन्मयला घेऊन बिल्डिंगमागच्या झोपाळ्यांपाशी बसायचं, हाच उद्योग. तिथेच एक दिवस त्याचं आणि एका दोन वेण्या घातलेल्या मुलीचं झोपाळ्यावरून भांडण झालं. मी आपली 'सॉरी, सॉरी' करत धावले, तर त्या मुलीची आई हसत म्हणाली, "भांडू दे. माझी जिंकेल." ती मारिसोल. आणि खरंच तिची येसेनिया जिंकली. नाव विचारलं तर मी 'वसुधा' म्हटलं, ते तिला जमेना. 'वसू' म्हण म्हटलं तर ती खो खो हसत सुटली. स्पॅनिशमध्ये 'वासो' म्हणजे पाणी प्यायचा ग्लास! तेव्हापासून त्या सबंध बिल्डिंगमध्ये मी ग्लासबाई.

आमचं बोलणं तिच्या मोडक्या इंग्रजीत आणि मी लायब्ररीतून कॅसेट आणून शिकलेल्या त्याहून मोडक्या स्पॅनिशमध्ये चालायचं. इथे मी ते सरळ मराठीत लिहिते आहे, कारण मला ते आठवतं तसंच. ती एल साल्वादोरची. २००१ मध्ये तिकडे भूकंप झाले, त्यात हिचं मातीचं घर बसलं, आणि त्या वसंतात ती पोटात येसेनियाला घेऊन नवऱ्यामागून इकडे आली. कशी आली ते तिनं मला एकदाच सांगितलं, आणि पुन्हा विचारू नकोस म्हणाली. नवरा आधीपासून इथे असल्यामुळे त्याला तात्पुरता परवाना मिळाला होता. ही उशिरा पोचली, हिला तोही नाही. संध्याकाळी ती मोठी बहीण रोसाबरोबर ऑफिसं साफ करायला जायची. माझा नवरा ज्या काचेच्या इमारतींत बसून कोड लिहितो, तसल्याच इमारतींत. दुपारी मात्र ती मोकळी असायची, आणि मला तिच्या ओट्याशी उभं राहून पुपुसा थापताना बघायला फार आवडायचं. मक्याच्या पिठाची, आत घेवड्याचं सारण घातलेली जाड भाकरीच ती. थापण्याचा आवाजसुद्धा तोच. माझी भाकरी मोडली की म्हणायची, "तुला शिकवलं कुणी? नवऱ्यानं?"

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की एक गरीब, भोळी बाई होती. भोळी ती अजिबात नव्हती. अपार्टमेंटच्या मॅनेजरशी भिंतीच्या बुरशीवरून भांडून तिनं एक महिना भाड्यात सूट मिळवली होती, जी मला माझ्या सगळ्या इंग्रजीनिशी मिळाली नाही. दुकानात मांस घेताना ती खाटकाला दहा प्रश्न विचारायची. 'पोर के?' म्हणजे 'का?', हा तिचा शब्द. येसेनियाच्या शाळेत, बँकेत, बस उशिरा आली तर ड्रायव्हरला. आणि समाधान होईल असं उत्तर मिळालं नाही तर ती मान हलवायची, नम्रपणे हसायची, आणि स्वतःला पाहिजे तेच करायची. अशी मान हलली की समजावं, आता ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.

२००४ मध्ये तिला पुन्हा दिवस गेले. पाचवा महिना असेल, ती सरकारी दवाखान्यात तपासणीला गेली आणि दंड चोळत परत आली. इंजेक्शन दिलं म्हणाली. कसलं? माहीत नाही. विचारलं होतं, पण ज्या नर्सनं दिलं तिला स्पॅनिश येत नव्हतं आणि जिला येत होतं ती जेवायला गेली होती. बहुधा धनुर्वाताचं असावं, असं मी म्हटलं. आपल्याकडेही गरोदरपणात देतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तिला पटलंही. पण त्यानंतर काही दिवसांनी बाळाची हालचाल थांबली. हॉस्पिटलमधून ती रिकामी परत आली तेव्हा मी तिच्याकडे होते. डॉक्टर ऑस्करला उभ्या उभ्या इंग्रजीत काहीतरी सांगून गेला होता, आणि ऑस्करनं त्यातला एकच शब्द घरी आणला होता, 'समटाइम्स'. कधीकधी... असं होतं कधीकधी. मारिसोल त्या शब्दावर कितीतरी दिवस बसून राहिली. मी तिला समजावलं की एकामागून एक गोष्ट घडली म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. हे मी वर्गात दरवर्षी पोरांना शिकवायचे. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कशामुळे?" ते मला माहीत नव्हतं. ते कुणालाच माहीत नव्हतं, किंवा माहीत असेल तर तिला सांगण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. आपल्याकडे कारण नाही आणि तिच्याकडे एक कारण आहे, अशा वादात कोण जिंकणार?

मग मागच्या वर्षी, २००७ च्या उन्हाळ्यात, पुन्हा गोड बातमी. ती इतकी आनंदात होती की तिनं मला जिन्यावरूनच ओरडून सांगितलं. थंडीच्या सुरुवातीला तपासणीला जाताना ती मला बरोबर घेऊन गेली. दवाखान्यात नर्स म्हणाली, गरोदर बायकांना आता फ्लूची लस घ्यायला सांगतो, घेऊन टाका. आता तिथे फोनवरून दुभाषा मिळायची सोय झाली होती. टेबलावर फोन ठेवलेला, त्यातून कुठल्यातरी शहरातला एक माणूस घाईघाईनं स्पॅनिश बोलत होता. नर्स एक वाक्य बोलली की तो अर्धं सांगायचा. मला कळलं तेवढ्यात तो असं म्हणाला की, धोका समजला आहे आणि जबाबदारी माझी आहे असं कबूल करा. मारिसोलनं शांतपणे त्या फोनकडे वाकून विचारलं, "तीन वर्षांपूर्वी तुम्ही मला याच खोलीत इंजेक्शन दिलं. ते कसलं होतं? माझं बाळ का गेलं?" दुभाष्यानं ते नर्सला सांगितलं. नर्स वाईट नव्हती, तिच्या दाराबाहेर खुर्च्या भरलेल्या होत्या. ती म्हणाली, "ते आजच्या व्हिजिटमध्ये येत नाही." दुभाष्यानं हे वाक्य मात्र पूर्ण सांगितलं.

मारिसोलनं मान हलवली आणि हसली.

पण मी तिला सोडलं नाही. तेवढी विद्या तर माझ्याजवळ होती. रोज दुपारी तिच्या ओट्याशी उभी राहून मी तिला सांगत राहिले. गरोदरपणी छातीवर दाब वाढतो, फ्लू फुप्फुसात उतरायला वेळ लागत नाही, लशीतला जंतू मेलेला असतो, मेलेला जंतू आजार देत नाही. ती प्रश्न विचारायची, आणि चांगले विचारायची. मेलेला आहे हे कोण बघतं? बाळापर्यंत काय जातं? तू तन्मयच्या वेळी घेतली होतीस का? मी खरं सांगितलं, नागपुरात तेव्हा अशी लस कुणी सुचवत नव्हतं. "म्हणजे तुझ्या वेळी गरज नव्हती, माझ्या वेळी आहे," ती म्हणाली. पण हळूहळू ती वळत होती. डिसेंबर संपता संपता एक दिवस हात धुता धुता म्हणाली, "बरं. सुट्ट्या संपल्या की गुरुवारी जाऊ. पण तू माझा हात धरायचा आणि बाटलीवरचं सगळं वाचून दाखवायचं." मी म्हटलं, "अक्षर न् अक्षर वाचीन."

त्याच सुट्टीत मी अर्चनाचं डोहाळजेवण केलं. अर्चना पुण्याची, माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिची आई डिलिव्हरीलाच येणार होती, म्हणून मी म्हटलं, आपण करू. आणि मारिसोलचे दिवसही तेवढेच भरलेले, तर दोघींना शेजारी शेजारी बसवू. मारिसोलला माझी हिरवी साडी नेसवली. पोटावर निऱ्या राहीनात, तर रोसानं तिला चक्क सेफ्टी पिनांनी टाचली. खोटी फुलं केसांत, ओटीत नारळाऐवजी हातात बसेल एवढं खरबूज, कारण चांगला नारळ मिळाला नव्हता. दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. मारिसोलनं पेढ्याची उघडली. मुलगा, म्हणून सगळ्या ओरडल्या. ती म्हणाली, "चूक. मला माहीत आहे, मुलगी आहे," आणि पेढा खाऊन टाकला.

जेवणं झाल्यावर बायका कोचावर पसरल्या होत्या. कुणीतरी सर्दी-तापाचा विषय काढला, आणि मी अर्चनाला सहज विचारलं, "तू फ्लू शॉट घेतलास ना?"

"नाही गं, मी नाही घेतला," अर्चना म्हणाली. "डॉक्टर मागे लागली होती. पण त्यात मर्क्युरी असतं, यार. मला इतके मेल आलेत. आपल्या ग्रुपमध्ये कुणीच घेत नाहीये."

मी म्हटलं, पाऱ्याशिवायची मागितली तर मिळते, आणि त्या पाऱ्याचंही तू समजतेस तसं नाही. तिनं हातानंच ते उडवून लावलं. "तुझं सगळं पुस्तकातलं, वसू. स्वतःच्या पोटात असलं की रिस्क घ्यावीशी वाटत नाही." आणि शेजारी बसलेल्या मारिसोलकडे वळून, फार प्रेमानं, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून ती सोप्या इंग्रजीत म्हणाली, "मीसुद्धा नको म्हटलं. उगाच चान्स कशाला घ्यायचा, नाही का?"

मारिसोलनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेचं वर्णन मला करता येणार नाही. मी त्या गुरुवारी तयार होऊन तिच्या दाराशी गेले तर ती घरचेच कपडे घालून पीठ मळत होती. "ती बाई इंजिनियर आहे," ती म्हणाली. "तिच्याकडे स्वतःची डॉक्टर आहे, तिची भाषा बोलणारी. तिला सगळं वाचता येतं. आणि ती घेत नाही. मग मी का घेऊ, वासो? पोर के?" मी पुष्कळ बोलले, शेवटी चिडून आवाजही चढवला. तिनं मान हलवली.

मला मारिसोलचाही राग येतो. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण इतके दिवस जी बाई माझं ऐकत होती, जिच्यासाठी मी लायब्ररीतून पुस्तकं आणून आकृत्या काढून दाखवल्या, तिनं एका वाक्यावर विश्वास ठेवला, कारण ते वाक्य नोकरी असलेल्या, चांगली गाडी चालवणाऱ्या बाईनं उच्चारलं होतं. मी तर तिच्यासारखीच, दिवसभर घरी बसणारी. माझ्या एम.एस्सी.ला तिच्या लेखी काय किंमत असणार, जिथे ती या देशाच्याच लेखी नव्हती?

जानेवारीच्या शेवटी दोघींनाही एकाच आठवड्यात ताप आला. हे मी रचून सांगत नाही, त्या दिवसांत निम्मं गाव खोकत होतं. अर्चनानं ताप आल्या आल्या डॉक्टरला फोन केला. तिला त्याच दिवशी बोलावलं, तपासलं, औषध सुरू केलं, दुसऱ्या दिवशी नर्सनं स्वतःहून फोन करून चौकशी केली. आठवडाभर ती घरून काम करत होती, आणि मग बरी झाली. मारिसोल ताप अंगावर घेऊन दोन संध्याकाळी ऑफिसं झाडायला गेली, कारण न जाणाऱ्याच्या जागी दुसरी बाई लगेच येते. मग आडवी झाली. मी दार वाजवलं तर आतून म्हणाली, "येऊ नकोस, तन्मयला लागेल." मी खिचडी दाराशी ठेवली आणि दवाखान्यात जा म्हटलं. तिनं दवाखान्याला फोन केलाही. पुष्कळ वेळ संगीत ऐकल्यावर तिला सांगण्यात आलं की गरोदर बाईला ताप असेल तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. आणि इमर्जन्सीत ती जाईना. त्या हिवाळ्यात आमच्या भागात कागदपत्रांवरून फार विषारी वातावरण होतं. कामासाठी कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांविरुद्ध सभा होत होत्या, आणि बिल्डिंगमध्ये अशी बोलवा होती की हॉस्पिटलात आधी कागद मागतात. मी म्हटलं, मागत नाहीत. "तुला कसं माहीत? तुझ्याकडे आहेत," ती दारापलीकडून म्हणाली, आणि खोकत सुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न विचारता आत गेले. रोसानं दार उघडलं, तिचा चेहरा बघूनच कळलं. मारिसोल पलंगावर बसली होती, कारण तिला आडवं होता येत नव्हतं. ओठांचा रंग गेलेला. मी अँब्युलन्ससाठी फोन उचलला तर तिनं माझं मनगट धरलं, "तुझ्या गाडीतून." वाद घालायला वेळ नव्हता. रोसा मागे तिला टेकवून बसली, आणि मी आयुष्यात चालवली नव्हती तशी गाडी चालवली. वाटेत मारिसोलनं श्वास घेत घेत विचारलं, "ते सुई टोचतील?" मी म्हटलं, हो, टोचतील. "मग त्यांना सांग... आधी ती कसली आहे ते मला सांगा."

मी सांगितलं. पण तिथे कुणाला थांबायला सवड नव्हती, आणि खरं म्हणजे थांबायला नकोच होतं. दोन्ही हातांत सुया लागल्या, तोंडावर ऑक्सिजन चढला, ती माझ्याकडे बघत होती आणि मी ओरडून सांगत होते, सलाईन आहे, अँटिबायोटिक आहे, जे मला दिसत होतं ते सगळं... मग दार बंद झालं. त्या रात्री सिझेरियन करून बाळाला बाहेर काढलं. मुलगीच होती. मारिसोलला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. तिला शुद्ध आली नाही. काही दिवस तशीच राहिली, आणि एका पहाटे गेली.

त्या हॉस्पिटलात एक दुभाषी होती. पेरूची, पंचविशीची मुलगी, गळ्यात ओळखपत्र. तिनं ऑस्करला खुर्चीवर बसवलं, स्वतः त्याच्या समोर खाली बसली, आणि डॉक्टरचं प्रत्येक वाक्य त्याला सांगितलं. त्याला कळलं का ते विचारलं, पुन्हा सांगितलं. फ्लू म्हणजे काय, फुप्फुसात काय झालं, मशीन काय करतं, बाळाला कुठलं औषध चालू आहे आणि का. ऑस्करनं कितीतरी प्रश्न विचारले आणि प्रत्येकाचं उत्तर मिळालं. मी भिंतीला टेकून ऐकत होते. या देशात हे सगळं होतं तर! अशी माणसं होती, असा वेळ होता, असं खाली बसून बोलणं होतं. फक्त ते मारिसोल मरताना मिळालं. चार वर्षांपूर्वी याच पोरीनं दहा मिनिटं दिली असती, तर... पण तेव्हा ते व्हिजिटमध्ये बसत नव्हतं.

लस घेतली असती तर ती नक्की वाचली असती, असं मी म्हणणार नाही. लस घेऊनही काहींना फ्लू होतो, हे मला पक्कं माहीत आहे. एवढंच म्हणेन की तिला जी एक संधी होती ती तिच्यापर्यंत कुणी नीट पोचू दिली नाही.

फेब्रुवारीत इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू झालं, सगळ्यांच्या सोयीच्या एका शनिवारी. मला जायचं नव्हतं, पण तिळगूळ करण्याचं काम माझ्याकडे होतं. तिथे एक काकू मला म्हणाल्या, "तुझी ती कामवाली मैत्रीण गेली म्हणे? अरेरे. त्या लोकांमध्ये शिक्षण नसतं ना, लस वगैरे घेतच नाहीत." आणि अर्चना, जिचे दिवस आता पूर्ण भरत आले होते, हातावर अत्तर चोळता चोळता म्हणाली, "खरंच. अवेअरनेसच नाही त्यांच्यात. इतकं वाईट वाटलं मला."

मी विचारलं, "अर्चना, तू घेतली होतीस?"

तिला राग आला नाही. तिला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "अगं, माझी केस वेगळी होती." आणि ते खरंच होतं. वेगळीच होती. तिला चूक परवडत होती. मी तिळगुळाचा डबा टेबलावर ठेवला आणि घरी आले. तिला मुलगा झाला, गोरापान आणि गुटगुटीत. मी अजून बघायला गेलेले नाही. जाईन कदाचित. त्या बाळाचा काय दोष?

इकडे आमच्या बिल्डिंगमध्ये मारिसोलची गोष्ट वेगळीच सांगितली जाऊ लागली होती. मी पहिल्यांदा ती रोसाच्या तोंडून ऐकली. "घरातून निघाली तेव्हा ती बोलत होती," रोसा म्हणाली. "तू होतीस ना गाडीत? बोलत होती की नाही? मग त्यांनी सुया टोचल्या. आणि मग ती कधीच बोलली नाही." मी काय सांगणार? घडलं होतं त्याच क्रमानं ती सांगत होती. खालच्या मजल्यावरच्या बाईनं ते तिच्या वहिनीला सांगितलं, वहिनीनं चर्चमध्ये. महिन्याभरात ती गोष्ट इतकी घट्ट झाली की आता ती मोडायला गावभरची शहाणी माणसं लागतील. जिनं लस न घेता धोका पत्करला, तीच मारिसोल आता लस घेऊ नका म्हणून सांगायला प्रत्येक घरात उभी आहे.

बाळ मार्चअखेर घरी आलं. एवढंसं, पण रडायला खणखणीत. ऑस्कर मला म्हणाला, "दवाखान्यातून हिच्या सुयांसाठी बोलावलंय. काय करू?" मी म्हटलं, घेऊन जा, मी बरोबर येते. रोसा ओट्याशी उभी होती, ती वळलीसुद्धा नाही. तो कितीतरी वेळ दोघींकडे आलटून पालटून बघत राहिला. मग एप्रिलमध्ये तो दोन्ही मुलींना घेऊन नॉर्थ कॅरोलायनाला भावाकडे निघून गेला, रोसाही त्यांच्याबरोबर गेली. बाळाला तोपर्यंत एकही लस टोचलेली नव्हती. येसेनिया गाडीच्या मागच्या काचेतून तन्मयला इंग्रजीत 'बाय' म्हणाली.

मागच्या आठवड्यात त्या घरात नवीन भाडेकरू आले. होंडुरासचं कोवळं जोडपं. मी केळी घेऊन भेटायला गेले. बाईचं नाव ग्लेंडा, आणि तिचं पोट दिसत होतं. ती मला कौतुकानं घर दाखवत होती. मॅनेजरनं सगळ्या भिंती पांढऱ्या करून दिल्या होत्या, पण झोपायच्या खोलीत खिडकीखाली, हीटरच्या मागे, रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता. तिथे हातभर पट्टा पिवळाधमक होता. पाळणा ठेवायचा म्हणून मारिसोलनं डिसेंबरात तो कोपरा स्वतः रंगवला होता. भाड्याच्या घरात रंग द्यायची परवानगी नसते, मी आठवण करून दिली होती. 'का?' असं तिनं विचारलं होतं, आणि खुशाल रंगवला होता.

"छान रंग आहे," ग्लेंडा म्हणाली. "कुणी दिला?"

"माझ्या मैत्रिणीनं. ती इथे राहायची."

"ती? जी सुईनं गेली?"

"तिचं नाव मारिसोल होतं," मी म्हटलं. नाव तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी पलंगाच्या कडेवर बसले आणि तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. इतक्या वर्षांत माझं स्पॅनिश तेवढं झालं आहे, शिकवणारी चांगली होती. ग्लेंडानं पोटावर हात ठेवून सगळं ऐकलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी तिनं विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"नर्स?"

"नाही."

तिनं मान हलवली. मग माझ्याजवळ बसली, माझा हात हातात घेतला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका, सेन्योरा. तुमची मैत्रीण होती ना... तुम्हाला असं वाटणारच."